मुदखेड-लातूर, विनावाहक

श्री. किशनराव, लातूर, यांना मुदखेडहून शेषेरावाचा रामराम. इकडे मी खुशाल आहे (उजव्या पायाचा अंगठा सोडून). तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमचं सोयाबीन, तिन्ही ठीक असावीत. तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या लक्ष्मीबाई, नारळाची पिशवी घेऊन तुमच्याकडे येऊन बसल्या आहेत आणि त्यांनी माझ्याबद्दल सांगायचं ते सगळं सांगितलं असणार. बहिणीचं ऐकलंत, आता मेहुण्याचंही ऐका, कारण ती परत येते की नाही हे बरंचसं तुमच्या हातात आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमची ऋतुजा बाळंतपणाला इथे आली होती. ती सुखरूप मोकळी झाली आणि जाताना जावयांनी मला एक डबा भेट दिला. डबा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा, व्हीआर का काय म्हणतात तो. तो बांधला की माणूस घरात राहूनही घरात राहत नाही. (आमच्या घरात ही सोय आधी फक्त झोपेत होती.) त्यात वाघ आहेत, समुद्र आहे, चंद्रावर चालता येतं, पण मी सगळं सोडून पहिल्याच दिवशी एस.टी. चालवायला घेतली. पंचायत समितीत अख्खी नोकरी आवक-जावक करण्यात गेली, पण लहानपणापासून मनात होतं ते ड्रायव्हरच व्हायचं. अडचण एकच होती, मला गाडी लागते. मुदखेडहून नांदेडला जायचं तरी मी आदल्या दिवशीपासून उपाशी राहतो, आणि म्हणूनच तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला येणं झालं नाही. (तेव्हा ताप आल्याचं कळवलं होतं, ते तसंच असू द्या.) डब्यातल्या गाडीत मात्र पोटातलं पाणी हलत नाही. मुदखेड-लातूर ही माझी रोजची फेरी झाली. लोह्याचा चढउतार, अहमदपूरची गर्दी, सगळं तळहातासारखं पाठ. हाताला काही धरल्यासारखं वाटेना म्हणून मी स्वयंपाकघरातली परात स्टेअरिंगला घेतली. तुमच्या बहिणीने तक्रार केली असेल की गाडी लातूरला पोचेपर्यंत भाकरी थापता येत नाही. पण चालत्या गाडीचं स्टेअरिंग काढून देता येतं का, हे तुम्हीच सांगा. खाकी शर्ट शिवला हे खरं आहे. तिने कौतुकाने देवघरातली घंटा आणून डबल बेल दिली हेही तिने सांगायला हवं होतं. पहिले काही दिवस ती माझी कंडक्टर होती आणि मला ते फार आवडलं होतं.

आता नवसाचं. ऋतुजाची वेळ अवघड आली तेव्हा लक्ष्मीबाई सहस्रकुंडाच्या पैनगंगेला बोलली होती, की लेक सुटू दे, तुझी खणानारळाने ओटी भरीन. नात आता रांगायला लागली तरी ओटी तशीच. आमच्या स्टेशनातून किनवटकडे गाडी जाते, इस्लापूरच्या अलीकडेपलीकडे उतरलं की झालं, इतकं सोपं. पण आषाढात घसरडं असतं, श्रावणात गर्दी असते, भादव्यात माझ्या फेऱ्या वाढल्या. दिवाळीनंतर धबधब्यात दगडांखेरीज काही उरत नाही, हे ती रोज ऐकवू लागली. अशात मला डब्यातच सहस्रकुंड सापडलं. कोण्या भल्या माणसाने सगळ्या बाजूंनी चित्रण करून ठेवलेलं, पाणी तर असं की प्रत्यक्षातही इतकं दिसणार नाही. म्हटलं, नवस फेडायला नदी पाहिजे, ती आली घरात.

मी काही उणं ठेवलं नाही, किशनराव. तिला इरकल नेसायला लावलं. भाकरी-ठेचा बांधून घेतला. शेजारच्या महादेवीबाईंनाही प्लास्टिकच्या खुर्चीवर मागे बसवलं, कारण रिकामी गाडी नेणं मला बरं वाटत नाही. मुदखेड ते इस्लापूर मी खाकी शर्टात परात फिरवत नेलं. पोचल्यावर देवाचं ठिकाण म्हणून सगळ्यांना पायताण काढायला लावलं आणि स्वतःचंही काढलं. (इथे चूक झाली.) मग डबा तिच्या डोळ्यांना बांधला, आणि तुषार अंगावर आल्यासारखे वाटावेत म्हणून मी तांब्या घेऊन तिच्या पुढ्यात उकिडवा बसलो. तिने एवढं पाणी बघितलं आणि आपोआप हात जोडले. माझे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. मी म्हटलं, आली नदी, भर ओटी. तिने तांदूळ सोडले, ते माझ्या डोक्यावर पडले. खण सोडला. नारळ सोडला.

अंगठ्याचं नख आता काळं पडलं आहे. मी ओरडलो, महादेवीबाई तोंडाला पदर लावून हसत बाहेर गेल्या. लक्ष्मीबाईने डबा काढला, मला वाटलं अंगठा बघेल. तिने नारळ उचलला, पदराला पुसला, उलटासुलटा करून पाहिला.

"कोरडाच हाय," ती म्हणाली.

मग पिशवी भरली, आणि दारात उभी राहून एवढंच बोलली, "नवस जोडीनं फेडायचा असतो. मला न्यायला या, पण खऱ्या गाडीनं या. परातीवर नगा येऊ."

तेव्हापासून भाकरीला परात मोकळी आहे आणि भाकरी करणारी लातुरात. मी डब्यात एक फेरी मारून पाहिली. लातूर आलं की खेळ संपतो, स्टँडच्या पुढे तुमच्या घराकडे जायला रस्ताच नाही. घंटा मीच वाजवली. घर खायला उठतं, हे तुम्हाला म्हणून लिहितो.

तुमचा मेहुणा,
शेषेराव

ता. क. – तो नारळ देवघरात ठेवला असेल तर वहिनींना सांगा, चटणीला घेऊ नका. तो पैनगंगेचा आहे.

ता. क. – पत्र पोस्टात टाकायला निघालो आणि लातूरच्या गाडीत चढलो. हे लोह्याच्या स्टँडवर लिहितो आहे, अक्षर त्यामुळे असं. दोनदा उलटी झाली. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी आपणहून लिंबू दिलं, वर "पहिल्यांदाच बसलाव का गाडीत" म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. खिडकीतून वारा फार छान येतो, माझ्या गाडीत तो कधी आला नव्हता. पत्र आता हातोहातच देईन.

ता. क. – मुख्य काम राहिलंच. तुमची बहीण कोणत्याही गाडीत खिडकी सोडत नाही. परतीला खिडकी मला लागेल, लातूर ते थेट सहस्रकुंड. हे तिला तुम्ही सांगा. माझी छाती होत नाही.