ताप उतरल्यावर आणलेले पेशंट

९ फेब्रुवारी, सकाळ
घडलं ते एवढंच.
१. मालन राऊत, वय ६७, वसईजवळच्या निर्मळ गावच्या. फुलांची वाडी. काल संध्याकाळी कॅज्युअल्टीत आणलं. अशक्तपणा, उलट्या.
२. ताप नाही.
३. रक्तात जंतू असतील का, याचा अंदाज देणारा नियम इथे मीच बसवला आहे. तापाचे तीन गुण, वयाचा एक, उलट्यांचा एक. त्यांचे दोन झाले. तीन झाले तर ब्लड कल्चर पाठवायचं. पाठवलं नाही.
४. सलाईन लावून घरी सोडलं.
५. आज परत आणलं. बीपी लागत नाही. आयसीयू.
नियम चुकलेला नाही. दोन म्हणजे दोन.

९ फेब्रुवारी, दुपार
सून भेटली, उन्नती. म्हणते, ताप होता की, अंग नुसतं भाजत होतं. गोळी दिली, घाम आला, मग रिक्षात बसवलं. काल का नाही सांगितलं, विचारलं. "तुम्ही विचारलंत, ताप आहे का. तेव्हा नव्हता ना. भर तापात कुणी माणसाला घराबाहेर काढतं का?"
म्हणजे माहिती सदोष, नियम निर्दोष. बरं वाटलं.
ठरवलं: यापुढे पेशंटशी गप्पा नाहीत. फक्त नियमातले घटक.

११ फेब्रुवारी
मालनबाईंचं आयसीयूतून पाठवलेलं कल्चर पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात जंतू होते. नियमात सुधारणा केली: घरी तापाची गोळी दिली असेल तरी तीन गुण. केयूर सरांना, म्हणजे कॅज्युअल्टीच्या प्रमुखांना, दाखवली. म्हणाले, "सुमेधा, वसईत गोळी न घेता आलेला एक पेशंट दाखव. मी त्याचा सत्कार करतो."
सरांना संख्याशास्त्राचं वावडं आहे.

१४ फेब्रुवारी
सुधारित नियम उत्तम चालतो. एकही पेशंट सुटत नाही. वटारचे अँथनी अंकल साध्या सर्दीला आले. गोळी घेतलेली. तीन गुण. कल्चर. कल्चरच्या बाटल्या संपल्या. रोझलिन सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सकाळी मीपण क्रोसिन घेतली. हात पुढे करू का?"
सर म्हणाले, सगळ्यांचंच रक्त पाठवायचं तर नियम कशाला? नियमाचा भिंतीवरचा तक्ता काढायला लावला.
मी याला तात्पुरता विराम समजते.

१७ फेब्रुवारी
मालनबाई पहाटे गेल्या.
उन्नती बाहेर बाकावर होती. म्हणाली, "मॅडम, मी गोळी दिली म्हणून झालं का हो हे?" एकाच घटकावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, असं सांगितलं. ते अचूक आहे. ती बाकावरून उठली. अजून काही विचारायचं असावं. मी थांबले नाही.
तिच्यासाठी मेसेज लिहून ठेवला आहे. उद्या पाठवेन.
"उन्नतीताई, गोळी देण्याआधी सासूबाईंचा ताप थर्मामीटरने मोजला होता का? मोजला असल्यास आकडा शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत कळवावा."