चिकाचा डाग

२ एप्रिल
आलो एकदाचे शहरात, बुधवारा मोहल्ल्यात! वर आमच्या दोन खोल्या, खाली घरमालकीण उषाकाकू. माझा नवरा विपुल व्यसनमुक्ती केंद्रातून परतलाय. नशेच्या सुईला हात न लावता सात महिने काढलेत त्याने. उद्यापासून केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जाणार. केंद्रातल्या ताईंनी मला बजावलंय, रोज दोन ओळी लिहीत जा, मनात काही साठवू नकोस. मी डोईफोडिया गावची, केळीवाल्यांची लेक. दोन ओळींत माझं काय भागणार? येताना दराब्याची मिठाई आणली. पहिला घास विपुलने मला भरवला, तोही काकूंसमोर. मी लाजले, तेही लिहून ठेवते.

९ एप्रिल
दमून येतो, शर्टावर चिकाचे डाग घेऊन. केळी उचलणारे सगळे फुल बाह्यांचेच शर्ट घालतात, चीक अंगाला लागू नये म्हणून. पण या उन्हात हा घरीही शर्ट उतरवत नाही. मी चिडवलं, नवरदेवासारखा नटून काय बसतोस? तो हसला नाही.

१५ एप्रिल
जेवण निम्मं टाकतो. बोलता बोलता डोळे मिटतात. कामाचा शीण असेल. विचारलं तर म्हणाला, तू फालतू शक करते. खरंच करते मी. लाज वाटली स्वतःची.

१९ एप्रिल
आज कमाल झाली! बाहीवरचा, कोपराच्या आतल्या बाजूचा तपकिरी डाग नुसत्या थंड पाण्यात निघाला. साबणसुद्धा लागला नाही. उषाकाकूंना वर बोलावून दाखवला.

२० एप्रिल
चीक निघत नाही. कधीच नाही. माझ्या माहेरच्या एकेका ओढणीवर तो अजून आहे. थंड पाण्यात रक्त निघतं.
आणि मी शर्ट मिरवत होते.

२१ एप्रिल
तो झोपला होता. बाही वर सारायचा धीर झाला नाही. विचारलं तर निघून जाईल— नाही विचारलं तर—

२२ एप्रिल, दुपार
कामाच्या वेळी घरी आला. न्हाणीला आतून कडी. हाक मारली, आलो म्हणाला. ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एवढ्या खंडानंतर जुनाच डोस शरीराला झेपत नाही, माणूस जातो, आत्ताच्या आत्ता दार उघडा. काकू पहार आणायला धावल्यात. मी दाराशी बसून लिहितेय, नाहीतर किंचाळेन.
आता ओ देत नाही. नळ तेवढा चालू—
काल विचारायला हवं होतं. भांडला असता, घर सोडून गेला असता. कुठेतरी असता तरी.
विपुल, हो म्हण. नुसतं एकदा—