शेजारच्या खुर्चीचा पगार

७ जानेवारी
तर त्या डेल्मर हॉइटला आजपासून नवा पगार आणि मला जुनाच. राज्याचं एकच सेनेट, एकच बाक, कोपराला कोपर लागतं. अर्धी बैठक हा घोरतो. पगारवाढीच्या मतदानाला मीच कोपर मारून उठवलं होतं त्याला. नियम म्हणे असा, की वाढ निवडून आल्यावरच लागू. तो नोव्हेंबरात परत निवडून आला. माझी मुदत अजून दोन वर्षं. "तोवर माझ्या चेकचा वास घे, व्हर्ला," म्हणाला.
मला पैशाची हाव नाही. तत्त्व आहे.

९ जानेवारी, सकाळी
उपाय सापडला. राजीनामा द्यायचा, पोटनिवडणुकीत पुन्हा उभं राहायचं. मग मीही नव्याने निवडून आलेली. शाळा आठवीत सुटली, डोकं नाही सुटलं. नवरा, ऑरिन, म्हणाला, "अगं, सेनेटच्या सचिवबाईंना एकदा विचार तरी." विचारायचं काय? कायदा मीच मंजूर केलाय. वाचला नाही, ते वेगळं.

१३ जानेवारी
दिला राजीनामा. सचिव टिबेट्सबाई मागून काहीतरी सांगत होत्या. मी घाईत.

८ फेब्रुवारी
प्रचारासाठी फायर स्टेशनात गावाला पॅनकेकचा नाश्ता. मी स्वतः वाढत होते. धान्यकोठारवाला ग्लेन म्हणाला, "खुर्ची होतीच ना तुझ्याकडे? सोडलीस कशाला, मागतेस कशाला?" म्हटलं, तत्त्व. "किती डॉलरचं?" सगळे हसले. गावाचा जीव आहे माझ्यावर.

२० फेब्रुवारी
विरोधात कोण, तर स्कूल बसचा ड्रायव्हर आयव्हर लुंड. त्याच्या पाटीवर लिहिलंय, 'मला जुना पगार चालेल.' असल्या बावळटाला कोण मत देणार?

४ मार्च
सहाशे बारा मतांनी हरले. ऑरिनने कुणाला मत दिलं, ते विचारलं. नवरा असून म्हणाला, मतदान गुप्त असतं.

५ मार्च
टिबेट्सबाईंचा फोन. पोटनिवडणूक उरलेल्या मुदतीचीच असते. मुदत तीच, म्हणून पगार जुनाच. जिंकले असते तरी जुनाच. "हेच सांगत होते तुम्हाला, तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात."
मग आधी ओरडायचं नाही का जोरात?

६ मार्च
उद्या पाठवायचं पत्र, इथे कच्चं लिहून ठेवते:
'टिबेट्सबाई, राजीनामा मी मनापासून दिला नव्हता. तो परत घेते. जुना पगार चालेल. डेल्मरशेजारीच बसेन. शुक्रवार, १४ मार्चपर्यंत हो की नाही ते कळवा. आयव्हरच्या बसवर ड्रायव्हर हवाय, आणि शाळा ती जागा माझ्यासाठी त्याच दिवसापर्यंत राखून ठेवणार आहे.'