खिडकीतला कप

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज बंद खोलीत तिघा जणांसमोर तुझा विषय निघाला. चहाच्या कपावरून.

तू ज्या कचेरीत झाडू मारायचीस तिथेच मी आता कारकून आहे. रुजू झाले त्या दिवशी हेडक्लार्क बाईंनी खिडकीतून एक कप काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा तुझ्या आईचाच गो. जपून ठेवलाय आम्ही." बाकीच्यांचे कप ट्रेमध्ये, आपल्या जातीचा खिडकीत. बाईंना खरंच वाटत होतं, आपण माया करतोय. राग यायच्या आधी मला रडूच फुटलं.

मी लेखी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "कपावरून कशाला वाढवता, मिटवून टाका." मी मिटवलं नाही. मग समिती नेमली, दोन्हीकडचे जबाब झाले, समेट करता का म्हणून पुन्हा विचारलं, आणि मी नाहीच म्हटल्यावर सुनावणीची नोटीस निघाली. तोवर कचेरीत माझ्याशी कोणी बोलेनासं झालं. दुपारी मी पडवीत एकटीच डबा खाते. तूही तिथेच बसायचीस. मी शाळेतून आले की अर्धं बिस्कीट माझ्या हातावर ठेवायचीस आणि हसून म्हणायचीस, "आपल्याला च्या मिळाल्याशी मतलब, बाय." ते हसू मला अजून उलगडत नाही.

आज सुनावणीत बाई रडल्या. नाटक नव्हतं ते. म्हणाल्या, "हिची आई जन्मभर त्याच कपातून प्यायली. कधी हूं की चूं केलं नाही. तिला काही वाटलं नाही, मग हिलाच का वाटावं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "आईला वाईट वाटायचं का?"

सगळी तक्रार त्या एका प्रश्नावर येऊन टेकली होती. मी म्हणाले, "वाटायचं. घरी येऊन रडायची." ते लिहून घेतलं गेलं आणि मी खाली सही केली.

आये, तुला रडताना मी कधीच पाहिलं नाही. तुझ्या नावावर मी ठोकून दिलं. निकाल अजून लागायचाय, पण माझं तिकडे लक्षच नाही. चुलीपाशी बसून, माझ्याकडे पाठ करून, तू खरंच कधीतरी रडली असशील तर बरं होईल, असं मी मघापासून मनात म्हणतेय. पोटची लेक असून.