भाऊसाहेबांचं घर कोणतं?

प्रिय आत्या,

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं तू वाचायचीच नाहीस. लेक आता बरीच सावरली आहे. बाळाला अंघोळ घालताना मात्र माझीच तारांबळ उडते. आपल्या घरात इतकी बाळंतपणं झाली, पण हे खातं कायम तुझ्याकडे, आम्ही नुसत्या टॉवेल धरायला! तिकडे शिवणाचं दुकान यांच्या भरवशावर टाकून आलेय, गिऱ्हाइकं टिकली म्हणजे मिळवली.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की तू राहतेस ते धाकट्या काकाचं घर विकायचं ठरलंय, म्हणून तू वृद्धाश्रमात नाव घातलंस आणि पुढच्या महिन्यात जाणार. वर म्हणालीस, मला काय, कुठेही पडून राहीन. मी तोंड उघडायच्या आत, बाळाच्या टाळूला तेल लावायला विसरू नकोस म्हणालीस आणि ठेवलास फोन. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी या परक्या देशातली गंमत ऐक. इथल्या कुत्र्यांचा थाट बघितलास तर तोंडात बोट घालशील. अंगात रेनकोट काय, गळ्यात नाव-पत्त्याचा बिल्ला काय! डॉक्टर वेगळा, केस कापणारी वेगळी. कुत्रं पुढे ऐटीत चालतं, मालक मागून पिशवी घेऊन, आणि त्याने घाण केली की निमूट वाकून उचलतो. पहिल्या दिवशी मला खरंच कळेना, या दोघांतला मालक कोण! दोन कुत्री समोरासमोर आली तर आधी मालक एकमेकांकडे बघून हसणार, मग त्यांना वास घ्यायची परवानगी. मला तर कीवच आली. आपले भाऊसाहेब असे दोरीला बांधून चालले असते का गं?

भाऊसाहेब आठवले आणि आपली सगळी गल्लीच डोळ्यांपुढे आली. तू त्याला भाऊसाहेब म्हणायचीस, इस्त्रीवाला शेठ म्हणायचा, कोपऱ्यावरच्या शिकवणीच्या बाई मोत्या, आणि माझा भाऊ मुद्दाम बोक्या. कुत्रं चारही नावांना शेपूट हलवायचं. सकाळचं दूध आपल्या दारात, दुपारची झोप इस्त्रीच्या टेबलाखाली, संध्याकाळी बाईंच्या पायरीवर बसून आमच्या पाढ्यांना जांभया. मी सत्तावीसच्या पाढ्याला अडखळले की नेमका उठून जायचा, लबाड! चालायचा असा, जसं काही गल्लीचं भाडं तोच वसूल करतो. तू दुसऱ्यांच्या घरून परत आलीस की मात्र शेठपणा विसरून तुझ्या पायांत लोळायचा. ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि डोळेही भरतात.

तर लेकीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, बस चालवायचे. त्यांची कुत्री त्यांच्याहून म्हातारी. मागचे पाय गेलेत, म्हणून तिला कडेवर घेऊन जिना उतरतात. परवा त्यांचं दार उघडं राहिलं आणि ती सरपटत आमच्या उंबऱ्याशी आली. मी काय केलं असेल? नुकता ओतलेला चहा टेबलावर सोडून उठले, दुधात ब्रेड कुस्करला आणि 'ये गं बाई' म्हणत ताटली पुढे केली. तिने फडशा पाडला. तेवढ्यात बसवाले धापा टाकत आले. एकाच पायात चप्पल, चेहरा पांढराफटक. तिला दूध वर्ज्य, औषधं चालू! लेकीने माझ्या वतीने माफी मागितली आणि मग मला चांगलंच फैलावर घेतलं, की दुसऱ्याच्या कुत्र्याला न विचारता खायला घालायचं नसतं. अगं, दारात आलेल्याला घालायला विचारायचं कुणाला? मी फुरंगटून टेबलाशी जाऊन बसले.

चहाचा घोट घेतला, तर तो अजून गरम होता. म्हणजे तेवढ्यात त्या माणसाला ती घरात नाही हे कळलं, आणि तो सगळे मजले धुंडाळूनही आला. तो चहा मला काही गोड लागला नाही.

तुला आठवतं ना? तू मोठ्या काकूच्या आजारपणाला गेली होतीस आणि इकडे भाऊसाहेब दिसेना. आम्हाला वाटलं इस्त्रीवाल्याकडे असेल, त्याला वाटलं बाईंकडे, बाईंना वाटलं आपल्याकडे. माया कुणाची कमी नव्हती, सगळे निर्धास्त होते इतकंच. तू आलीस आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता विचारलंस, भाऊसाहेब कुठाय? सगळ्यांनी एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवलं. तूच त्याला पाण्याच्या टाकीमागून पोत्यावर घालून आणलंस. तुझ्या मांडीवर गेला तो. तू रडली नाहीस, एवढंच म्हणालीस, इतकी घरं याची, आणि शोधायला एकही उठलं नाही.

आता चिडू नकोस, तुला कुत्र्याच्या पंगतीला बसवत नाहीये! पण आत्या, माझ्या बाळंतपणाला तू, काकूच्या आजारपणाला तू, धाकट्या काकाच्या पोरांच्या परीक्षांना तू. कुठे आत्या, कुठे अक्का, कुठे वन्सं. पिशवी कायम भरलेली, कुणाच्या तरी पलंगाखाली. आणि आम्ही सगळे निर्धास्त, की ती आहे ना तिकडे. काल यांना फोन करून सांगितलं, मागच्या खोलीतलं माझं शिलाई मशीन पुढे दुकानात आणा, कपाट रिकामं करा, आत्या येतेय. आधी कुरकुरले, मग आपणहून विचारलं, आत्याला पंखा खिडकीकडे हवा की दाराकडे? तेवढं कळव. वृद्धाश्रमातलं नाव काढून टाक, मी परत आले की थेट तुला घ्यायला येते. तुझी सोय लावायला नाही गं, मला तू हवी आहेस. तुला फिरायचंय तिथे फीर, चार घरी राहून ये, कोण अडवतंय! पण एखाद्या सकाळी तू दिसली नाहीस, तर हातातला चहा तसाच सोडून शोधायला निघेन ती मी. आणि आलीस की पहिल्या दिवशी ती पिशवी कपाटात रिकामी करायची. मग मी ती उसवून मशीन पुसायची फडकी करणार आहे.

तुझीच,
ठकी