टायरवाल्याच्या प्लेटलेट

ता. ६, सोमवार

ती. ताईस,
सा. न. नमस्कार साष्टांग आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

आधी बाबांचं. रक्ताच्या कॅन्सरमुळे त्यांच्या अंगात प्लेटलेट तयारच होत नाहीत, त्यामुळे रक्त थांबता थांबत नाही. पलंगाच्या कडेला नुसतं टेकलं तरी दंडावर काळानिळा डाग, दात घासले की ब्रश लाल. डॉक्टरांनी वस्तरा बंद केलाय. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेला माणूस आरशात बघून म्हणतो, असलं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं.

दुसऱ्यांच्या प्लेटलेट चढवल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत संपतात. टिकतात त्या एकाच्याच, बाबांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या त्या टायरवाल्याच्या. दर गुरुवारी येतो, मशीनपाशी हात पसरून पडतो, आणि रक्तपेढीतली ती नर्स (हो, तीच) सगळा वेळ त्याच्या उशाशी उभी राहून हसते. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून तिने मला सांगितलं होतं की नसा दोऱ्यासारख्या आहेत, मशीनला चालायच्या नाहीत. तेही न हसता. कॉलेज सोडून मी दिवसभर इथे बसतो, तिने एकदा तरी वर बघावं की नाही? एक दिवस त्याच्या थोबाडात ठेवून देणार आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, थोडी बाजू घेत जा.
तुझा भाऊ


ता. ९, गुरुवार

चि. भांडखोरास,
अ. आ. सोबत कान पिरगळला आहे असं समज.

बाबांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि रक्तपेढी तळमजल्यावर, हे मला ठाऊक आहे. दिवसभर बसतोस ते नक्की कुठे?

हेवा कुणी करायचा तर मी. सातवा महिना लागलाय, डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देत नाहीत. बाबा फोनवर दोन वाक्यांत दमतात, आणि त्यातलं एक त्या टायरवाल्याच्या कौतुकाचं असतं. तू त्यांच्या पायाशी बसू शकतोस आणि तुला जळायला वेळ मिळतो. तो यायचा बंद झाला तर बाबांना कोण देणार, दोऱ्यासारख्या नसांचा तू? पोरगी मला पसंत आहे, पण आधी बाप राहू दे.

माया आहे म्हणून ओरडते, ती आटवू नकोस.
ताई


ता. १३, सोमवार

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र उशिरा पोचलं. बुधवारीच त्याच्या थोबाडात ठेवून दिली होती.

त्याच्या दुकानावरून जात होतो. त्याने हाक मारून विचारलं की उद्या तिचीच ड्युटी आहे ना. झालं, माझा हात सुटला. त्याने उलट मारलं नाही. जबडा ठणकला म्हणून रात्री अ‍ॅस्पिरिन घेतली. गुरुवारी तिने नेहमीप्रमाणे गोळ्यांचं विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. त्या गोळीने प्लेटलेट चिकटेनाशा होतात, तीन दिवस घेता येणार नाहीत म्हणाली. त्याच दुपारी बाबांच्या नाकातून रक्त सुरू झालं. बोळे घातले, दुसऱ्या कुणाच्या तरी प्लेटलेट चढवल्या, तरी झिरपतच राहिलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात सुरू झालं तर हातात काही राहणार नाही.

ते तीन दिवस त्याने परत गोळी घेऊ नये म्हणून मी त्याच्या दुकानात ठाण मांडलं. दुखायला लागलं की त्याच्या गालावर बर्फ मीच धरायचो. शेवटी तिच्याबद्दल तोंडावर विचारलं. लाजून म्हणाला की सुई दिसली की त्याला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती हसवत ठेवते म्हणूनच निभतं, दुसरी कुणी असली तर तो उठून पळेल. एवढा दांडगा माणूस, ताई.

काल त्याने दिल्या. संध्याकाळपर्यंत बाबांचं नाक सुकलं. तो भेटायला वर आला तेव्हा बाबांनी त्याला जवळ बोलावून गालावरून हात फिरवला. सुजेवर बोट लागलं तसा तो कळवळला. बाबांनी विचारलं, कुणी मारलं. तो म्हणाला, जॅक निसटला. बाबा मग त्याचा गाल कितीतरी वेळ कुरवाळत राहिले. ती दारात उभी राहून बघत होती, तिचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या गालावरून त्यांनी असा हात कधी फिरवला ते मला आठवेना. अंगाची आग झाली. हात खिशात घालून उभा राहिलो आणि निघताना त्याला विचारलं, गुरुवारी न्यायला येऊ का.

लोभ असू दे, आणि तो निदान तुझा तरी एकट्या माझ्यावर.
तुझा भाऊ