टीव्हीवर लावलेल्या तारखा

आई, तुझ्या नातवाने आपल्या घरातल्या सगळ्या बायकांच्या पाळीच्या तारखांचा तक्ता करून हॉलमधल्या टीव्हीवर लावला. हो, बरोबर वाचलंस. रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, थोरले भावजी समोर बसलेले असताना. तू असतीस तर काय केलं असतंस याचा मी आठवडाभर विचार करतेय. उलथनं घेऊन त्याच्या अंगावर धावली असतीस, की तोंडाला पदर लावून हसली असतीस, खरंच सांगता येत नाही. तू गेलीस तेव्हा तो रांगत होता, त्याला तू आठवत पण नाहीस. पण हे दुसऱ्या कुणाजवळ बोलायची सोय नाही. बोलायला जावं तर पुन्हा तेच, माझ्या सुनेच्या शरीराची चर्चा आणखी चार घरांत. म्हणून तुला लिहितेय.

नीट पहिल्यापासून सांगते. यंदा गणपतीचा मान आमच्याकडे आहे, परळला. आणि गौरी येतायत पूर्वा नक्षत्रावर, म्हणजे माझ्या सुनेचा पहिला ओवसा, नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवाळायची. तुला ओवसा काय सांगायचा! माझ्या वेळेला लालबागहून सुपं तूच धाडली होतीस, फळं-पानं-खोबऱ्यासकट भरून, आणि सासूबाईंनी त्यातही एक सूप फाटकं काढलं होतं. हा योग हुकला की पुढचा कधी येईल ते पंचांगवालाच जाणे. त्यामुळे माझी थोरली जाऊ श्रावण लागल्यापासून एकाच विवंचनेत, पोरगी नेमकी त्या दिवशी बाजूला बसली तर काय? ही विवंचना आपल्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, पण ती ओट्यापाशी, दबक्या आवाजात. "तुझं कधी गो?" "नाय, आधीच होऊन जाईल." "नायतर गोळी घे." संपलं. पुरुषांना पत्ता नसायचा, आणि असला तरी ते पेपरात डोकं घालून बसायचे. यंदा मात्र आमच्या चिरंजीवांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "काकी, टेन्शन कशाला घेता? डेटा आहे ना. मी करतो."

लोअर परळच्या ऑफिसात तो दिवसभर हेच करतो. कुठे किती साबण खपला ते रंगीत पट्ट्या काढून साहेबांना दाखवायचं. हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण हुशारी आणि अक्कल या काही सख्ख्या बहिणी नव्हेत. घरातही त्याचं तेच. स्वतःची झोप, ह्यांचं ब्लड प्रेशर, माझी साखर, सगळ्याचे चढ-उतार मोबाइलमध्ये काढून ठेवलेत. मला मनगटाला बांधायला एक पट्टा आणून दिला, आणि सकाळी उठून मला काही विचारायच्या ऐवजी मोबाइल बघून मलाच सांगतो, "आई, काल तुला झोप लागली नाही." अरे मेल्या, मीच जागी होते ना, मला माहीत नसेल? इतके दिवस मी हे हसण्यावारी नेलं. म्हटलं, पोराला नाद आहे, कुणाला दारूचा असतो, याला आकड्यांचा.

रविवारी सगळे जमले. जाऊ, भावजी, त्यांचा मुलगा आणि सून. मखर कुणी आणायचं, मोदकांची पिठी कुणी करायची, रात्री कोण कुठे झोपणार, एवढं बोलून झालं आणि हा उठला. "थांबा, स्क्रीनवर टाकतो." आणि जिथे आम्ही मालिका बघतो तिथे आम्हीच सगळ्या! एकेकीच्या नावापुढे दिवसांचे चौकोन. पाळीचे गुलाबी, बेभरवशाचे लाल, मोकळे हिरवे. गौरीच्या दिवसांभोवती पिवळी चौकट. गोळी कुणी कधी सुरू करायची तिथे घड्याळाचं चित्र, आणि म्हणे त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर आपोआप आठवण जाईल. फॅमिली ग्रुपवर, आई! त्यात भावजी आहेत, जावई आहेत, गावचे गुरुजीसुद्धा आहेत. माझ्या आणि जाऊच्या नावापुढे सरसकट राखाडी पट्टा. "आई, तू काय, ऑलवेज अव्हेलेबल." जाऊच्या सुनेने नवऱ्याने मागितल्या म्हणून तारखा पाठवल्या होत्या बिचारीने, कशाला ते न विचारता. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. भावजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि वरपासून खालपर्यंत नीट वाचायला लागले. शी! आत्ता लिहितानासुद्धा तोंडात कडू येतं. आपण काही वावगं करतोय असं एकाच्या तोंडावर नव्हतं. उलट कौतुक! "झिलान मस्त केल्यान हां," भावजी म्हणाले. आमचे हे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. त्यांचं आयुष्य तिथेच बघण्यात गेलं.

माझ्या सुनेची ओळ सगळ्यात वर होती, ओवसा तिचा म्हणून. तिच्या तारखा याच्याकडे आधीपासूनच. मूल हवं म्हणून दोघांच्या मोबाइलवर एकच ॲप घेतलेलं, तिने भरायचं आणि याने बघायचं. त्या ओळीत महिन्याच्या महिन्याला गुलाबी चौकोन होते, आणि मग अलीकडे काहीच नाही. कोरे. याच्या ते लक्षातही आलं नव्हतं, याचं सगळं चित्त त्या पिवळ्या चौकटीत. जाऊच्या लक्षात आलं. "अगो बाये! म्हणजे गोड बातमी मां ही?" असं म्हणत ती आत गेली आणि साखरेचा डबा घेऊनच बाहेर आली. हा आधी बावचळला, मग येड्यासारखा हसायला लागला. बाप व्हायची बातमी याला टीव्हीवरून कळतेय, तरी हसतोय! सून तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात आली. जाऊने साखरेची चिमूट तिच्या तोंडाशी नेली. तिने तोंड फिरवलं. "काकी, साखर नको. राहिलं होतं. पडलं."

टीव्हीवर ते रंग तसेच. मला वाटलं आता जाऊ तिला जवळ घेईल, निदान ट्रे तरी हातातून घेईल. तिने विचारलं, "कधी?" आणि मग आमच्याकडे बघत, "तसां नाय गो, दिवस किती झाले? ओवशाक चालात ना, म्हणून इचारतंय." ती वाईट बाई नाही, आई. माझ्या बाळंतपणात तिने माझं सगळं काढलंय. पण तोंडातून निघालं ते हे. आणि हा तिचा नवरा, माझ्या पोटचा, हातातल्या माउसवर बोट ठेवून म्हणतो, "डेट सांग ना, मी अपडेट करतो." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, बोलतोय काय ते त्याचं त्याला कळत नसावं, असं मी स्वतःला समजावते. पण कानांनी ऐकलं ते ऐकलं. मी उठले आणि टीव्हीची वायर खेचून काढली. प्लगबरोबर भिंतीचा पोपडाही आला.

तेव्हा तू आठवलीस. तुझं ते लालबागचं स्वयंपाकघर, तांदळाच्या डब्याच्या वर खिळ्याला लावलेलं कॅलेंडर. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, आणि चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका, तुझा. मी मोठी झाल्यावर माझाही. आजी येता-जाता वाचायची. शेजारच्या काकू हळद मागायला यायच्या आणि नजर तिकडे. एकदा लाजेने मी ते पान टराटरा फाडलं, तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, "आजीला आता काय दाखवू, तुझं थोबाड?" तेव्हा तुमचा काळ सोन्याचा होता असलं काही मी म्हणणार नाही. गोणपाटावर गॅलरीत बसवलेली पोर अख्ख्या मजल्याला दिसायची, कसलं सोनं आलंय! पण ती एक गौर मी विसरलेले नाही. तू सकाळी सवयीने ठिपका दिलास, आणि मग तुझ्या लक्षात आलं की आजीचा गुडघा धरलाय, पाहुणे दारात, आणि घावन-घाटलं करायला घरात दुसरं कुणी नाही. तू अंगठा जिभेला लावलास, ठिपका पुसलास, आणि तवा ठेवलास. मी डोळे फाडून बघतेय आणि तू घावन उलटत म्हणतेस, "देव बघून घेईल. तुझ्या आजीने बघायला नको." आजीने त्या दिवशी दोन घावन जास्त खाल्ले. पेन्सिलीचं तेवढं बरं होतं. याला मी म्हटलं, पूस ते सगळं, तर म्हणतो, "आई, मी काढलं तरी ग्रुपवर गेलंय ना मघाशीच. सगळ्यांनी बघितलं असेल."

सगळे गेल्यावर पोरगी ओट्यापाशी उभी होती, भांडी घासायला घेतलेली, नळ सोडलेला. मी नळ बंद केला. मग तिने सांगितलं. एकटीच दादरला डॉक्टरकडे जाऊन आली होती, ऑफिसात ताप म्हणून सांगून. परत येऊन संध्याकाळी आम्हाला पोहे करून घातले होते. मला ते पोहे आठवत नाहीत, कसे आठवतील, पोह्यांसारखे पोहे. मी विचारलं, अगं, त्याला तरी सांगायचंस. म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याने चार्ट केला असता, आई." त्या दोघांच्या ॲपमध्ये तिने भरणंच सोडून दिलं होतं. रक्त गेलं तेही नाही भरलं. एवढी एक गोष्ट तिला कुणाला द्यायची नव्हती, आणि त्या कोऱ्या जागेवरच सगळे तुटून पडले.

आणि एवढ्यावर भागलं नाही. राहिलंय कळलं तेव्हा तिने गुपचूप दुसरं एक ॲप घेतलं होतं, बाळाचं. त्याचा आलेला मेल तिने मला दाखवला. पडद्यावर लिंबाचं चित्र, हसरं. खाली लिहिलेलं, आज तुमचं बाळ लिंबाएवढं झालं. दर आठवड्याला येतं म्हणे, आधी वाटाणा, मग द्राक्ष. ॲप काढून टाकलं तरी मेल येतो. त्या ॲपला सांगायचं कसं की आता नाही, ते तिला सापडत नव्हतं. आम्ही दोघी ओट्याला टेकून ते शोधत बसलो. सापडलं तेव्हा त्याने विचारलं, कारण निवडा. कारण निवडा म्हणे! तुझ्या बापाला द्यायचंय का कारण? मी त्या मोबाइलला घातलेल्या शिव्या तू ऐकल्या असत्यास तर म्हणाली असतीस, हे कुठे शिकलीस गं. तुझ्याकडेच, नळावर.

दुसऱ्या दिवशी ती वडाळ्याला गेली, माहेरी. मीच म्हटलं, जा. हा खोलीत बसून असतो. विचारलं, फोन केलास का? "केला. उचलत नाही. पण ऑनलाइन दिसतेय." म्हणजे अजूनही बघतोच आहे! मी म्हटलं, वडाळा काही विलायतेत नाही, उठ, जा, तिच्या पुढ्यात बस आणि रड. गेला नाही अजून. जाऊचा रोज फोन, सुपांचं काय, ऑर्डर द्यायची की नाही. मी सांगितलं, ओवसा होणार नाही. "अगो, योग परत येवचो नाय." नाही आला तर नाही आला, म्हटलं, आणि फोन ठेवला. थोरल्या जावेला इतकं तोडून मी जन्मात बोलले नव्हते. बरं वाटलं.

हा कागद घरात ठेवण्यासारखा नाही, लिहून झाला की फाडणार आहे. पण एक राहिलंय. निघताना पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्ही एकट्याच माझ्या होतात." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊने दिवस विचारले ते तोंडाने. पण ती विचारायच्या आधीच मी मनातल्या मनात मोजून मोकळी झाले होते. पोरगी "पडलं" म्हणाली, हातातले कप वाजत होते तिच्या, आणि माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच. त्याच दिवशी पडलं धरलं तरी गौरीला तारीख बसत होती, आई. मला हायसं वाटलं होतं.